शाळेतील बालकांचे संरक्षण : मूल सांगू लागते तेव्हा

विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा काहीशा उशिरा, जून महिन्याच्या अखेरीस उघडतात. उन्हाची काहिली ओसरू लागलेली असते, गोंदिया जिल्ह्यातील शेतकरी धानाचे पऱ्हे टाकण्याच्या लगबगीत असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतील वसतिगृहांच्या दारांशी दरवर्षी एक दृश्य दिसते. पत्र्याची पेटी उचलून आणलेला बाप, पदराने डोळे टिपणारी आई आणि त्या दोघांच्या मध्ये नवा गणवेश घातलेले, काहीसे भांबावलेले आठ-नऊ वर्षांचे मूल. प्रवेशअर्ज भरला जातो. त्यात नाव, जन्मतारीख, जात, आधार क्रमांक, बँकेचे खाते असे सर्व काही विचारलेले असते. एक प्रश्न मात्र आम्ही पाहिलेल्या कोणत्याही अर्जात आम्हांस आढळला नाही : रात्री या मुलाला काही झाले, तर ते कोणाला उठवील?

प्रस्तुत लेखात आम्ही मुख्यतः याच प्रश्नाचा विचार करणार आहोत. बालकांच्या संरक्षणाची चर्चा निघाली की आपले लक्ष भिंती, फाटक, पहारेकरी आणि अलीकडे सीसीटीव्ही कॅमेरे यांच्याकडे जाते. या गोष्टी हव्यातच. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या राज्यात जे घडले ते नीट पाहिले, तर एक वेगळीच गोष्ट ठळकपणे पुढे येते. बहुतेक ठिकाणी मूल बोलले होते, किंवा त्याने बोलण्याचा प्रयत्न केला होता. ऐकणाऱ्याने पुढे काय केले, यावर सारे अवलंबून राहिले.

आपल्या जिल्ह्यापासूनच आरंभ करू. डिसेंबर २०२२ मध्ये गोंदिया तालुक्यातील मजितपूर येथील शासकीय आश्रमशाळेचे विद्यार्थी क्रीडा स्पर्धांसाठी कोयलारी येथे गेले होते. परतीच्या वेळी शंभराहून अधिक मुलामुलींना एकाच ट्रकमध्ये कोंबून बसविण्यात आले. वाटेत मुले गुदमरली, काही बेशुद्ध पडली आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. वृत्तपत्रांत एक-दोन दिवस बातम्या आल्या आणि विषय मागे पडला.

आम्हांला मात्र त्या ट्रकचा विसर पडत नाही. कारण त्या प्रसंगात मुलांचा छळ करू पाहणारे कोणीच नव्हते. होती ती सायंकाळची घाई, अपुरी वाहने आणि ‘एवढ्याशा अंतराला काय होते’ ही आपल्या सर्वांच्या ओळखीची वृत्ती. आपल्या धर्मग्रामांतील सहलींना, यात्रांना, युवा मेळाव्यांना जाताना आपणही मुलांना अशाच प्रकारे टेम्पोत चढविलेले नाही काय? शंभर मुलांपैकी एखाद्याने तरी ‘सर, जागा नाही’ असे म्हटले असणारच. सरकून घे, असेच उत्तर अशा वेळी मिळते. शाळेची बस कशी असावी, तिच्यावर कोणाची देखरेख असावी, याविषयी महाराष्ट्रात २०११ पासून स्वतंत्र नियम आहेत आणि त्यांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असणे अपेक्षित आहे. आपल्या मुलाच्या शाळेत ही समिती आहे काय, तिच्यात पालकांचा प्रतिनिधी कोण, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. दूरच्या गावांतील मुलींसाठी मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या एसटी गाड्या धावतात. ती गाडी चुकली तर मुलगी कोणाबरोबर परतते, हाही असाच साधा, पण विचारलाच पाहिजे असा प्रश्न आहे.

आता रात्रीकडे वळू. आपला जिल्हा तलावांचा, धानाच्या बांध्यांचा आणि जंगलांचा आहे. पावसाळ्यात साप कोरडी जागा शोधत घरांत आणि शाळांच्या खोल्यांत शिरतात. त्यांतील मण्यार हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणातच दंश करतो. या दंशाचे वैशिष्ट्य असे की तो पुष्कळदा दुखत नाही, सूज येत नाही, दातांची खूणही नीट दिसत नाही. काही वेळाने मूल पोट दुखते असे म्हणते. मग पापण्या जड होतात, जीभ अडखळते, गिळता येत नाही आणि अखेर श्वास बंद पडू लागतो. अधीक्षकांना एरवी ठाऊक असलेला पोटदुखीचा अर्थ एकच असतो : मुलाला घरी जायचे आहे. ‘झोप, सकाळी बघू’ हे तीन शब्द अशा रात्री प्राणघातक ठरू शकतात. वेळेत रुग्णालयात पोहोचून सर्पदंशावरील लस आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास मिळाला, तर असे मूल वाचू शकते. मांत्रिकाकडे नेणे, दंशाची जागा कापणे, हातपाय करकचून बांधणे यांत केवळ वेळ जातो आणि इजा वाढते. खाटेवर झोपणे आणि मच्छरदाणी गादीखाली चहूबाजूंनी नीट खोचणे हा यावरील स्वस्त व खात्रीचा उपाय होय. आपल्या धर्मग्रामातील एखादे मंडळ वसतिगृहाला भेटवस्तू देण्याचा विचार करीत असेल, तर आमची सूचना आहे की या वर्षी मिठाई न नेता मच्छरदाण्या न्याव्यात.

राज्यातील आश्रमशाळांत होणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मृत्यूंची कारणे शोधण्यासाठी २०१६ मध्ये डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली होती. त्या आधीच्या वर्षांत शेकडो मुले दगावली होती. ताप आणि सर्पदंश यांसारखी, वेळीच लक्ष दिले असते तर टळू शकली असती अशी कारणे त्यांत होती. त्याच वर्षी बुलढाणा जिल्ह्यातील पाळा येथील आश्रमशाळेत आदिवासी मुलींवरील लैंगिक अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले आणि सारे राज्य हादरले. पोटदुखीची तक्रार आणि अत्याचाराची तक्रार या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत असे आपण मानतो. मुलाच्या दृष्टीने तसे नसते. दोन्ही वेळी त्याला एक दार ठोठवावे लागते, आणि पहिल्या वेळी ते दार उघडले नसेल तर दुसऱ्या वेळी ते तेथपर्यंत जातच नाही.

पवित्र शास्त्रातील बाळ शमुवेलाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती कथा आपण नेहमी पाचारणाची कथा म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. परंतु वसतिगृहाच्या संदर्भात ती पुन्हा एकदा वाचावी. आईने मंदिरात आणून सोडलेला एक मुलगा तेथे राहतो आहे. रात्री त्याला हाक ऐकू येते आणि तो धावत वृद्ध याजक एलीकडे जातो. एली त्याला परत जाऊन झोपण्यास सांगतो. मुलगा दुसऱ्यांदा येतो. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा तो येतो तेव्हा कोठे एलीच्या ध्यानात येते की हे काही वेगळे आहे. आणि त्या रात्री मुलाला जे ऐकू आले ते काय होते? एलीच्या स्वतःच्या पुत्रांची दुष्कृत्ये त्याला ठाऊक असूनही त्याने त्यांना आवरले नाही, हे! सकाळी मुलगा ते सांगायला भितो. येथे मात्र एलीचे मोठेपण दिसते. तो मुलाला जवळ बोलावतो, काहीही लपवू नकोस म्हणून बजावतो, आणि स्वतःच्या घराविरुद्धचा तो शब्द मुलाच्या तोंडून पूर्ण ऐकून घेतो. शाळा चालविणाऱ्या, वसतिगृहे सांभाळणाऱ्या आम्हां ख्रिस्ती जनांसाठी शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा हा तिसरा अध्याय फार अवघड आहे, असे आम्हांला वाटते.

ऐकणाऱ्याने पुढे काय करावे, हे आता केवळ त्याच्या सद्सद्विवेकबुद्धीवर सोडलेले नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ हा कायदा, ज्याला सर्वजण पॉक्सो म्हणून ओळखतात, १४ नोव्हेंबर २०१२ रोजी अमलात आला. अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलाला, मुलगी असो वा मुलगा, तो लागू आहे. त्यातील कलम १९ प्रत्येकाने जाणून घेण्यासारखे आहे. असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले, किंवा घडण्याची शक्यता आहे अशी ज्याला शंका आली, अशा प्रत्येक व्यक्तीने ते स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळविलेच पाहिजे, असे हे कलम सांगते. ‘प्रत्येक व्यक्ती’ म्हणजे शिक्षक, स्वयंपाकीण, धर्मभगिनी, धर्मगुरू, शेजारी, डॉक्टर, मामा. न कळविल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा कळविला नाही तर एक वर्षापर्यंत कारावास व दंड. मुलाने स्वतः कळविले नाही म्हणून त्याला मात्र कोणतीही शिक्षा नाही. खात्री करून घेणे, पुरावे गोळा करणे, संबंधिताला बोलावून विचारणे हे कळविणाऱ्याचे काम नाही. ते पोलिसांचे आहे. प्रामाणिक हेतूने दिलेली माहिती पुढे सिद्ध झाली नाही, तरी माहिती देणाऱ्यावर त्यामुळे कारवाई होऊ शकत नाही, असेही कायदा स्पष्टपणे म्हणतो.

या कलमाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने ज्या खटल्यात ठासून सांगितला, तो आपल्या शेजारचाच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील एका शाळेच्या मुलींच्या वसतिगृहात अल्पवयीन आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे एप्रिल २०१९ मध्ये पुढे आले. तपासात अशा सतरा मुली असल्याचे निष्पन्न झाले. या मुलींवर उपचार करण्यासाठी नेमलेल्या डॉक्टरांना मुलींकडून प्रकार कळला होता, तरी त्यांनी तो पोलिसांना कळविला नाही, असा आरोप ठेवून त्यांच्यावरही गुन्हा नोंदविण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने डॉक्टरांविरुद्धची कारवाई रद्द केली. राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचा तो आदेश बाजूला सारला. मुलींनी आपल्या जबाबांत डॉक्टरांना सांगितल्याचे म्हटले असताना, खटला चालण्यापूर्वीच तो गुंडाळता येणार नाही; अशा गुन्ह्यांची माहिती तत्परतेने देणे अत्यंत महत्त्वाचे आहे आणि ती न देण्याने या कायद्याचा हेतूच विफल होतो, असा त्या निर्णयाचा आशय आहे. डॉक्टर दोषी आहेत असे न्यायालयाने म्हटले नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. प्रश्न खटला चालावा की नाही एवढाच होता. परंतु गोंदिया जिल्हाही त्याच नागपूर खंडपीठाच्या कक्षेत येतो, आणि आपल्या भागातील प्रत्येक दवाखान्याने, प्रत्येक शाळेने हा निर्णय वाचण्यासारखा आहे.

त्या सतरा मुलींचा विचार करताना आम्हांला पुनःपुन्हा जाणवते ते असे : एका वसतिगृहात सतरा मुली काहीतरी सोसत असतात, तेव्हा तेथे आजार वाढतात, मुली गप्प होतात, अंथरूण ओले होऊ लागते, सुट्टीनंतर परत यायला नको म्हणून त्या रडतात. यांतील प्रत्येक गोष्ट कोणा ना कोणा मोठ्या माणसाला दिसतेच. प्रत्येकाला थोडे थोडे दिसते, आणि पूर्ण कोणालाच दिसत नाही. म्हणून कायद्याने ‘शंका’ हा शब्द मुद्दाम घातला आहे. खात्रीची वाट पाहणारा माणूस बहुधा उशीर करतो.

उशिराचे परिणाम ऑगस्ट २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथे साऱ्या राज्याने पाहिले. बालवाडीच्या वयाच्या दोन चिमुरड्या मुलींवर शाळेतील एका पुरुष कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची तक्रार होती. मुलींनी घरी सांगितले, घरच्यांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला. येथपर्यंत सारे जसे व्हायला हवे तसे झाले. पुढे मात्र तक्रार नोंदवून घेण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात कित्येक तास तिष्ठत राहावे लागले. २० ऑगस्ट रोजी संतप्त नागरिक रेल्वेमार्गावर उतरले आणि लोकलगाड्या ठप्प झाल्या. २२ ऑगस्ट रोजी मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि शाळेने पोलिसांना का कळविले नाही, हा प्रश्न विचारला. शाळेच्या व्यवस्थापनातील व्यक्तींवरही न कळविल्याबद्दल गुन्हा दाखल झाला.

त्या सप्ताहात, २१ ऑगस्ट २०२४ रोजी, राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढला. शाळेत व परिसरात कॅमेरे, कर्मचारी नेमताना त्यांच्या पूर्वचारित्र्याची पोलिसांकडून पडताळणी, तक्रारपेटी, आणि मार्च २०२२ मध्येच ठरविलेली सखी सावित्री समिती प्रत्येक शाळेत कार्यरत असणे, अशा तरतुदी त्यात आहेत. अनुचित प्रकार घडल्यास शिक्षणाधिकाऱ्यांना चोवीस तासांत कळविण्याचीही सूचना आहे. येथे एक सावधगिरीची सूचना आम्ही आमच्या मुख्याध्यापक बंधुभगिनींना देऊ इच्छितो. शिक्षणाधिकाऱ्यांना पत्र लिहिले म्हणजे कलम १९ चे कर्तव्य पूर्ण झाले असे नाही. पोलिसांना कळवावेच लागते. तक्रारपेटीविषयीही थोडे सांगावेसे वाटते : मुख्याध्यापकांच्या खोलीसमोर, शिपायाच्या नजरेपुढे टांगलेल्या पेटीत कोणते मूल चिठ्ठी टाकील? आणि ज्याला अजून लिहिता येत नाही, त्याचे काय?

पालक पोलिसांत जायला कचरतात, याची कारणे आम्ही जाणतो. मुलीचे नाव होईल, गावात बोभाटा होईल, लग्न जमणार नाही, पोलीस वाटेल ते प्रश्न विचारतील. गावातील चार वडीलधारी माणसे बसून ‘मिटवून टाकू’ म्हणतात. क्वचित पैशांची बोलणी होतात. म्हणून कायद्याने दिलेले संरक्षण येथे सांगणे आवश्यक आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यायचा असतो. शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच, आईवडिलांच्या किंवा मुलीचा विश्वास असलेल्या व्यक्तीच्या उपस्थितीत करायची असते. साक्षीच्या वेळी मूल आरोपीच्या समोर येणार नाही, याची काळजी विशेष न्यायालयाने घ्यायची असते. मुलाचे नाव, छायाचित्र, शाळा, घर यांपैकी काहीही प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. व्हॉट्सअॅपवर सहानुभूतीने पाठविलेला संदेशही त्यातून सुटत नाही. उपचार, समुपदेशन व अर्थसाहाय्यासाठी राज्यात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. हे सर्व प्रत्यक्षात नेहमीच तंतोतंत घडते असा आमचा दावा नाही. बदलापूरचा अनुभव ताजा आहे. परंतु आपला हक्क काय आहे हे ठाऊक असलेल्या पालकाला रिकाम्या हाताने परत पाठविणे कठीण जाते. गावातील समेटाला मात्र कायद्यात कोणतेही स्थान नाही. तो समेट मुलाच्या वतीने कोणीही करू शकत नाही, आईवडीलसुद्धा नाहीत.

आता आपल्या घराकडे. शाळा, वसतिगृहे आणि दवाखाने यांच्या द्वारे ख्रिस्तसभेने विदर्भाच्या दुर्गम भागांत केलेली सेवा सर्वांना ठाऊक आहे. त्या सेवेविषयी लोकांच्या मनात आदर आहे, आणि हा आदरच कधी कधी मुलाच्या तोंडावर हात ठेवतो. ‘फादरांविषयी असे बोलू नये’, ‘सिस्टर तसे कसे करतील’ ही वाक्ये श्रद्धेतून येतात, तरीही ती घातक आहेत. मुंबईतील एका धर्मग्रामात २०१५ मध्ये तेरा वर्षांच्या मुलावर अत्याचार केल्याबद्दल विशेष न्यायालयाने एका धर्मगुरूला डिसेंबर २०२१ मध्ये जन्मठेपेची शिक्षा सुनावली. ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांना सांगूनही वेळीच साहाय्य मिळाले नाही, अशी व्यथा त्या कुटुंबाने जाहीरपणे मांडली होती. हे लिहिताना आम्हांला क्लेश होतात. परंतु बदलापूरविषयी लिहायचे आणि याविषयी मौन पाळायचे, हे आम्हांला उचित वाटत नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये ‘व्होस एस्तिस लुक्स मुंदी’ हे आदेशपत्र काढले आणि मार्च २०२३ मध्ये त्याला कायम स्वरूप दिले. त्यानुसार, अत्याचाराची माहिती मिळालेल्या प्रत्येक धर्मगुरूने आणि व्रतस्थाने ती आपल्या धर्मप्रांताधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे, आणि तक्रार स्वीकारण्याची व्यवस्था प्रत्येक धर्मप्रांतात असली पाहिजे. तक्रार करणाऱ्याला त्रास देणे किंवा त्याला गप्प राहण्याची अट घालणे यांस त्यात स्पष्ट मनाई आहे. अशा प्रकरणांना पूर्वी लागू असलेली परमधर्मपीठीय गोपनीयताही डिसेंबर २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. महत्त्वाचे म्हणजे, या नियमांमुळे देशाच्या कायद्याने सांगितलेल्या कर्तव्याला बाधा येत नाही. बिशपांना कळविणे आणि पोलिसांना कळविणे ही दोन वेगळी कर्तव्ये आहेत. एक केले म्हणजे दुसरे माफ होत नाही.

प्रायश्चित्त संस्काराविषयी भाविक नेहमी विचारतात. त्या संस्कारातील गुप्तता अभंग आहे आणि धर्मगुरू ती कोणत्याही कारणास्तव मोडू शकत नाहीत. परंतु एखादे मूल त्या वेळी आपल्यावरील अत्याचाराविषयी बोलले, तर यात तुझे पाप काहीच नाही, हे धर्मगुरू त्याला सांगू शकतात. आणि हीच गोष्ट बाहेर आईला, सिस्टरांना किंवा मलाच पुन्हा सांग, असे त्याला प्रोत्साहनही देऊ शकतात. मूल बाहेर येऊन बोलले की तेथून पुढे कलम १९ सर्वांना सारखेच लागू होते.

मारहाणीविषयी थोडक्यात. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर बंदी घातली आहे. तरीही ‘गुरुजी, हाडे आमची, मांस तुमचे’ असे सांगून मुलाला शाळेत सोडणारे पालक आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांत आपले धर्मग्रामस्थही आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये वसई तालुक्यातील एका शाळेत उशिरा आलेल्या मुलीला शंभर उठाबशा काढायला लावल्याचा आरोप झाला. काही दिवसांनी ती मुलगी मरण पावली आणि शिक्षिकेवर गुन्हा नोंदविण्यात आला. शिक्षा किती द्यावी हा प्रश्नच उरत नाही. ती द्यायचीच नाही. ज्या शिक्षकाची छडी मुलाने पाहिली आहे, त्याच्याकडे ते आपले दुःख घेऊन जाणार नाही, हे तर उघडच आहे.

गोंदिया जिल्ह्यात आणखी एक अडचण आहे, जिचा उल्लेख परिपत्रकांत सहसा आढळत नाही. सालेकसा-देवरीकडील कित्येक मुलांची घरची भाषा गोंडी किंवा छत्तीसगढी असते. वसतिगृहात आल्यावर पहिल्या वर्षी त्यांना मराठीत भाकर, पाणी, सुट्टी एवढे मागता येते. शरीराच्या अवयवांची नावे, लाज, भीती हे शब्द आईच्या भाषेतच राहिलेले असतात. अशा वसतिगृहात ती भाषा जाणणारी निदान एक स्त्री, मग ती अधीक्षिका असो वा स्वयंपाकघरातील मावशी, मुलांच्या जवळ असणे हे दहा कॅमेऱ्यांपेक्षा अधिक मोलाचे आहे, असे आमचे मत आहे. आणि त्या मावशीला १०९८ हा क्रमांक पाठ असला पाहिजे. बालकांच्या साहाय्यासाठी असलेली ही दूरध्वनी सेवा दिवसरात्र चालते आणि तिला पैसे पडत नाहीत. मूल स्वतःही तो क्रमांक फिरवू शकते. फक्त वसतिगृहातील दूरध्वनी कुलूपबंद कपाटात नसावा.

पालकांनी काय करावे, असे आम्हांला विचारले जाते. रोवणीच्या दिवसांत मजुरी बुडवून मुलाला भेटायला जाणे अनेकांना शक्य नसते, हे आम्ही जाणतो. काही धर्मग्रामांत पवित्र मिस्सानंतर दोन-तीन कुटुंबांनी मिळून पाळीपाळीने वसतिगृहात जाण्याचा प्रघात पडू शकेल. एका घरच्या माणसाने पाच घरच्या मुलांना भेटून यावे. भेटीत ‘अभ्यास करतोस ना?’ हा प्रश्न आपण पहिला विचारतो. त्याऐवजी ‘इथे तुला कोण आवडते, आणि कोणाची भीती वाटते?’ असे विचारून पाहावे, आणि मुलाला उत्तर द्यायला वेळ द्यावा. उत्तर ऐकून रागावू नये, ‘तू तिथे गेलासच कशाला’ असे म्हणू नये, पुनःपुन्हा खोदून विचारू नये. मुलाचे शब्द त्याच्याच भाषेत, दिनांक घालून, कागदावर उतरवून ठेवावेत आणि त्याच दिवशी पोलीस ठाणे गाठावे. एकट्याने जायला धीर होत नसेल तर धर्मग्रामातील प्रमुख धर्मगुरूंना किंवा धर्मभगिनींना सोबत घ्यावे. सोबत जाणे हे त्यांचेही कर्तव्य आहे.

आणि येत्या जूनमध्ये पेटी घेऊन वसतिगृहाच्या दाराशी उभ्या राहणाऱ्या आईबापांना आमची एक विनंती आहे. अर्जावर सही झाली, पेटी खाटेखाली सरकविली की लगेच परतीच्या एसटीकडे धावू नये. अधीक्षक किंवा अधीक्षिका रात्री कोणत्या खोलीत झोपतात ते विचारावे. मुलाचा हात धरून त्याच्या खाटेपासून त्या खोलीपर्यंत चालत जावे, वाटेत दिवा आहे की नाही ते पाहावे, आणि मुलाला ते दार एकदा आपल्यासमोर ठोठवायला लावावे.